वर्गणी आणि हप्ता

श्रावण उतरणीला लागला की आमच्या चाळीच्या गणपतीचं पावतीपुस्तक बाहेर निघायचं. परळच्या त्या तीन मजली चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. १९७४चा सुमार. मी बारा वर्षांची. पुस्तक धरायचा मान माझ्या दादाचा, सुटे पैसे मोजायचं काम माझं. बाबा केंद्र सरकारच्या ऑफिसात कारकून, ते पाच रुपये देत. पलीकडचे अण्णा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर, त्यांचेही पाच. गिरणीच्या साचाखात्यातले तात्या तीन रुपये देत. नुकतेच फौजेतून परतलेले हवालदार काका एका पेढीवर रात्रीचे वॉचमन होते, ते दोन देत. कोपऱ्यातल्या खोलीतल्या एकट्या आजी पदराच्या गाठीतून आठ आणे काढून देत आणि दादा त्यांच्याही नावाची पावती तितक्याच ठसठशीत अक्षरांत फाडून देई. आरती झाली की प्रसादाचा मोदक मात्र सगळ्यांच्या हातावर सारखाच पडे.

गेल्या महिन्यात माझ्या आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज मोबाइलवर आला. आकडा वाचला आणि इतक्या वर्षांनी ते पावतीपुस्तक डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तेव्हा आजारी पडायचं म्हणजे नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जायचं. बाटली घरूनच न्यायची, धुऊन, बूच लावून. कंपाउंडर फळीवरच्या मोठ्या बरण्यांतून लाल किंवा पिवळं औषध त्यात ओती, आणि कात्रीने नक्षी कातरलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवी. एका दातऱ्यापासून दुसऱ्या दातऱ्यापर्यंत एक डोस. बरोबर पांढऱ्या पुड्या. औषधासकट दोन-तीन रुपये. ज्याच्याकडे ते नसत, त्याचं नाव डॉक्टरांच्या वहीत जाई, आणि दिवाळीला बोनस झाला की वही कोरी होई. कोपऱ्यातल्या आजींचं नाव त्या वहीत कधीच नव्हतं, कारण त्यांच्याकडून डॉक्टर पैसेच घेत नसत. ते पैसे कुठून तरी भरून निघत असणारच. आमच्या दोन-तीन रुपयांत त्यांच्याही औषधाचा एक थेंब होता, हे मला फार उशिरा कळलं.

नोकरीवाल्यांची मोठ्या दुखण्याची सोय आपापल्या ठिकाणी होती. बाबांकडे सीजीएचएसचं कार्ड होतं. केंद्र सरकारने ही आरोग्ययोजना १९५४ साली दिल्लीत सुरू केली आणि पुढे ती मुंबईत आली. पगारातून महिन्याला अगदी थोडी वर्गणी कापली जाई. दवाखान्यात नसलेलं औषध इंडेंटवर मागवलं जाई आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन आणावं लागे. बाबा कुरकुरत, पण जात. अण्णांसाठी भायखळ्याचं रेल्वेचं इस्पितळ होतं. तात्यांना इएसआयचं कार्ड. १९४८च्या कायद्याने आलेली ही कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत आमच्या गिरणगावात पोचली. तात्यांचा पॅनेल डॉक्टर ठरलेला होता. आजारपणात घरी बसले तरी पगाराचा काही भाग हातात पडे. आणि खरंच काही मोठं झालं तर परळचंच महात्मा गांधी इस्पितळ. कार्ड कुठलंच नसेल त्याच्यासाठी केईएम होतं, नाममात्र पैशांचा केसपेपर काढला की कुणालाही आत घेणारं.

ते दिवस फार गोड होते असं मी म्हणणार नाही. १९७५ साली आमचे आजोबा छातीत दुखतंय म्हणून पहाटे उठून बसले आणि दुपारी गेले. केईएम चालत दहा मिनिटांवर होतं. दादा त्यांना टॅक्सीने घेऊन गेला, डॉक्टर धावले, प्राणवायू लावला, सुई दिली. त्यापुढे करण्यासारखं कुणाच्याच हातात काही नव्हतं. हृदयाची बंद वाहिनी फुगा घालून उघडायची अँजिओप्लास्टी जगात पहिल्यांदा झाली ती १९७७ साली, झुरिकला. म्हणजे आजोबा गेले तेव्हा तो उपाय पृथ्वीवरच नव्हता. त्या काळचं आजारपण स्वस्त होतं, कारण पैसे देऊन विकत घ्यावं असं औषधाच्या दुनियेत फारसं काही नव्हतंच. आज ते आहे, आणि त्यासाठी मी रोज कृतज्ञ आहे. दादाच्या हृदयात आज दोन स्टेंट आहेत आणि तो सकाळी पाच किलोमीटर चालतो.

मला जे हरवल्यासारखं वाटतं ते वेगळंच आहे. चाळीतल्या माणसांची पगारपत्रकं निरनिराळी होती, कार्डं निरनिराळी होती, तरी म्हातारपणाच्या दुखण्याची भीती सगळ्यांना साधारण सारखीच होती. तो सारखेपणा कुठे मोडला, ते मला नेमकं सांगता येतं.

१८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले आणि आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या धुराड्याचा धूर थांबला. तात्या आधी गावी गेले, मग परत आले, मग पुन्हा गेले. गिरणीने त्यांना कामावर परत घेतलंच नाही. कार्ड पेटीत राहिलं, पण त्याच्यामागची नोकरी गेली होती. पुढे इएसआयने निवृत्तांसाठी सोय केली, पण ती रीतसर निवृत्त झालेल्यांसाठी. तात्या निवृत्त कुठे झाले होते? त्यांची नोकरी नुसती संपली होती. शेवटच्या चार वर्षांत दम्याने हैराण झाले, तेव्हा त्यांची बायको, आमच्या काकू, त्यांना धरून केईएमच्या रांगेत उभ्या राहत. त्या रांगेला मी कधीच नावं ठेवणार नाही. तिने तात्यांना शेवटपर्यंत सांभाळलं.

त्याच काळात बाबा निवृत्त झाले. सीजीएचएसचं कार्ड त्यांच्याबरोबर घरी आलं. ते गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनाबरोबर आईकडे राहिलं. आईच्या मोतीबिंदूपासून मांडीच्या हाडापर्यंत सगळं त्या कार्डावर झालं. हवालदार काकांचं नशीब तर उतारवयात उघडलं. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना १ एप्रिल २००३ला सुरू झाली. आज हवालदारापर्यंतच्या हुद्द्याने निवृत्त होणाऱ्याला तिच्यासाठी एकदाच ३०,००० रुपये भरावे लागतात, सुभेदारांसारख्या जेसीओंना ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,०००. १९९६च्या आधी निवृत्त झालेल्यांना ते माफ आहेत, त्यामुळे काकांना एक पैसाही पडला नाही. चाळीत ज्यांच्या खोलीत शेवटपर्यंत पंखा नव्हता, त्यांना म्हातारपणी औषध, तपासण्या, इस्पितळ सगळं मिळालं. आम्हाला सगळ्यांना त्याचा आनंद होता. ऐन तारुण्यात बर्फात उभं राहून त्यांनी ते कमावलं होतं.

आता चाळ राहिली नाही. तिच्या जागी टॉवर आहे आणि आम्ही पांगलो आहोत, कुणी डोंबिवलीला, कुणी मुलुंडला, कुणी विरारला. पण गणपतीच्या पाच दिवसांत एक दिवस ठरवून टॉवरच्या तळमजल्यावर सगळे जमतो. त्या वेळी जी पोरं वर्गणी मागत फिरत होती, तीच आता निवृत्त आहेत. पूर्वी बोलणं पोरांच्या परीक्षांवर जायचं, मग लग्नांवर. हल्ली आरती संपली की अर्ध्या तासात गोष्ट साखरेच्या गोळीवर येते आणि तिथून थेट प्रश्नावर: तुला वर्षाला किती पडतात?

दादा रेल्वेत लागला होता, माटुंग्याच्या वर्कशॉपात. २०१८ला निवृत्त झाला. निवृत्तांच्या रेल्वे आरोग्य योजनेसाठी त्याने एकदाच पैसे भरले, शेवटच्या महिन्याच्या मूळ पगाराहून जास्त नाहीत इतके. त्यात तो आणि वहिनी आयुष्यभर. स्टेंट बसवायला रेल्वेच्या इस्पितळाने पाठवलं, दादाने सही केली आणि दोन दिवसांनी घरी आला.

तात्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला, ठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर राबला. पगार कधीच फार वाढला नाही, त्यामुळे तो इएसआयच्या मर्यादेत राहिला आणि रीतसर निवृत्त झाला. तो आणि त्याची बायको, दोघांचे मिळून वर्षाला १२० रुपये. महिन्याला दहा. हा आकडा त्याने पहिल्यांदा सांगितला तेव्हा मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

बाबांच्याच खात्यात लागलेला एक शेजारी आहे. सीजीएचएसचे सध्याचे दर २०१७ पासूनचे: निवृत्तीच्या वेळी पगाराची पायरी कोणती होती त्याप्रमाणे महिन्याला २५०, ४५०, ६५० किंवा १,००० रुपये. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड आजन्म. त्याने ७८,००० भरले आणि विषय संपवला. जिथे सीजीएचएसचा दवाखाना नाही तिथे राहणाऱ्या केंद्रीय निवृत्तांना त्याऐवजी महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. गावी घर बांधलेल्या त्याच्या भावाने तो घेतलाय. दोघे सख्खे भाऊ, एकाच सरकारचे निवृत्त, पण गाव बदललं म्हणून एकाकडे दवाखाना आणि दुसऱ्याकडे हजार रुपये.

बँकेतली मैत्रीण मात्र गप्प असते. २०१५च्या वेतनकरारानंतर बँकांच्या निवृत्तांसाठी गटविमा आला, पण हप्ता निवृत्तानेच भरायचा. पहिल्या वर्षी तो परवडला. नंतर चढत गेला. कारण त्या गटात फक्त निवृत्तच होते, आणि म्हाताऱ्यांची पंगत तरुणांपासून वेगळी मांडली की ताटाची किंमत वाढणारच.

आणि मी. ठाण्याच्या एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात मी चौतीस वर्षं काढली. सुरुवातीला माझंही इएसआय होतं. २००१ साली पगारवाढ झाली आणि मी मर्यादेच्या वर गेले. तेव्हा ती मर्यादा महिन्याला ६,५०० रुपये होती. त्या संध्याकाळी मी चाळभर पेढे वाटले. १२० रुपयांच्या म्हातारपणातून मी त्याच दिवशी बाहेर पडले, हे ना मला कळलं, ना मला कुणी सांगितलं. २०२४ला इएसआयने मर्यादेबाहेर गेलेल्या काही निवृत्तांना परत आत घ्यायचा निर्णय घेतला, पण त्याच्या अटींत मी बसत नाही. मी फार आधी बाहेर पडले होते.

नोकरीत असेपर्यंत कंपनीचा गटविमा होता. २०२०मध्ये ज्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं, त्याच दिवशी तो संपला. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी आम्ही नवरा-बायकोने स्वतःची पॉलिसी घेतली. पाच लाखांचं कव्हर, वर्षाला पस्तीस हजार, आणि रक्तदाब आधीपासूनचा म्हणून त्यासाठी चार वर्षं थांबायचं. गेल्या वर्षी हप्ता बावन्न हजारांवर गेला. माझं भविष्यनिर्वाह निधीचं पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या थोडं वर आहे. बारा महिन्यांचं पेन्शन एकत्र केलं तरी त्यातून माझा एका वर्षाचा हप्ता फिटत नाही.

अशाच एका भेटीत मोदक खाताना आम्ही चौघं एकमेकांसमोर बसलो होतो. एकाच चाळीचं पाणी प्यायलेली, एकाच डॉक्टरांच्या बाटल्यांवर वाढलेली माणसं. आमच्या गुडघ्यांचं दुखणं एक, साखर एक, रक्तदाबाची गोळीसुद्धा एकाच नावाची. पण एकाला वर्षाला १२० रुपये, एकाला एकदाच एक पगार, एकाला आयुष्यात ७८,०००, आणि मला दरवर्षी बावन्न हजार. विसाव्या-बाविसाव्या वर्षी आपण नोकरीसाठी कुठल्या फाटकातून आत शिरलो, त्यावर साठाव्या वर्षी आपल्या आजाराची किंमत ठरते. त्या वयात कोण विचारतं, इथे म्हातारपणी औषध मिळेल का? मिळेल ती नोकरी धरायची, एवढंच आमच्या हातात होतं.

घरी परत येताना लोकलमध्ये मी दोन शब्दांचा विचार करत बसले. सीजीएचएसचे लोक म्हणतात वर्गणी. आम्ही म्हणतो हप्ता. वर्गणी माणसाच्या ऐपतीवरून ठरते: वरच्या पायरीवरच्याने हजार द्यावे, खालच्याने अडीचशे, आणि इलाज जसा लागेल तसा. बाकीचा भार सरकारी तिजोरी उचलते. हप्ता माणसाच्या जोखमीवरून ठरतो: वय वाढलं, दर वाढला. आजार होता, थांबा. वर्गणीत जो जास्त कमावतो तो जास्त देतो. हप्त्यात जो जास्त थकला आहे तो जास्त देतो, आणि नेमका त्याच काळात त्याचा पगार थांबलेला असतो. विमा कंपनीचं गणित चूक नाही. मी हिशेबातच आयुष्य घालवलंय, मला ते समजतं. जितके दावे, तितका हप्ता. पण कोपऱ्यातल्या आजींकडून चाळीने आठ आणेच घेतले, त्या गणपतीपुढे सगळ्यात जास्त वेळ बसतात म्हणून जास्त घेतले नाहीत, याला मी शहाणपण म्हणते.

मेडिक्लेम आपल्याकडे आलं १९८६ साली, सरकारी विमा कंपन्यांकडूनच. आधी ती सोय होती, हळूहळू ती गरज झाली. चार वर्षांच्या थांब्यात माझा रक्तदाब माझ्यासाठी थांबला नाही. आणि इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर पैसे मिळणार, रोजच्या गोळ्यांना नाही. दादाला महिन्याच्या गोळ्या रेल्वेच्या दवाखान्यातून मिळतात. मी जनऔषधीच्या दुकानात रांग लावते, तेव्हा कुठे महिन्याचं गणित बसतं.

काही चांगलंही घडतंय, ते सांगितलं पाहिजे. जानेवारी २०२५मध्ये विमा नियामकाने ठरवलं की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी विचारावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. माझ्या यंदाच्या हप्त्यात तो फरक दिसला आणि मी खरंच देवापुढे साखर ठेवली. आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना आली होती, २०१७ला ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची झाली, आणि २०२४ पासून तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर जाऊन ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. म्हणजे कागदावर मीही तिच्यात आहे. पण यादीतल्या इस्पितळात, यादीतल्या उपचारांसाठी. माझे डॉक्टर जिथे बसतात ते इस्पितळ यादीत नाही, म्हणून पॉलिसी सोडायचा धीर मला होत नाही.

आणि २९ ऑक्टोबर २०२४ला आलं वय वंदना कार्ड. सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातला इलाज. सीजीएचएस किंवा ईसीएचएसवाल्यांनी दोन्हींतलं एक निवडायचं. इएसआयवाल्यांना आणि माझ्यासारख्या पॉलिसीवाल्यांनाही ते मिळतं. नोकरी कुठली होती, निवृत्त झालात की नोकरी नुसती संपली, हे कुणी विचारत नाही. आधार कार्डावरचं वय तेवढं बघतात. माझ्या सत्तरीला सात वर्षं आहेत. अठ्ठावन्न ते सत्तर हा बारा वर्षांचा पूल माझ्यासारख्या लाखोंना स्वतःच्या हप्त्यावर चालून जायचा आहे, आणि याच बारा वर्षांत बहुतेक दुखणी दार ठोठावतात. तो पूल वर्गणीने बांधता येईल. निवृत्त होताना ऐपतीप्रमाणे एकदाच पैसे घ्या, रोजच्या गोळ्या त्यात धरा आणि फाटक कुठलं होतं ते विचारू नका. रेल्वेने हे केलंय, फौजेने केलंय, इएसआयने वर्षाला १२० रुपयांत केलंय. म्हणजे कसं करायचं ते आपल्याला ठाऊक आहे.

यंदाच्या गणपतीत टॉवरच्या तळमजल्यावर मुलांनी टेबल मांडलं होतं. मोबाइलवर वय वंदना कार्डं काढून देत होते. तात्यांची बायको, आमच्या काकू, आल्या होत्या, मुलाचा हात धरून. पंच्याऐंशी वर्षांच्या. मुलाच्या १२० रुपयांत तो आणि त्याची बायको बसतात, आई बसत नाही. मुलगा निवृत्त झाल्यापासून काकूंकडे दवाखान्याचा एकच कागद होता, केसपेपर. माझ्या भाच्याने त्यांचं आधार बघितलं, चेहरा मोबाइलसमोर धरला, दोनदा डोळे मिटायला लावले.

“झालं, आजी.”

काकूंनी पदराची गाठ सोडायला घेतली. “किती वर्गणी?”

“याला पैसे नाहीत आजी. सगळ्यांना सारखंच आहे.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी ती वीसची नोट तशीच हातात धरली, उठल्या, आणि शेजारच्या टेबलावर गणपतीचं पावतीपुस्तक होतं तिथे जाऊन दिली. पावती फाडून दिली, ती मीच.